बोट सुटण्याआधी: परदेशातून मसाल्याचा कंटेनर मागवताना

लवंगेचा एक वीस फुटी कंटेनर म्हणजे ढोबळमानाने १३ टन माल, ५० किलोची २६० पोती. तो न्हावा शेवाला उतरला की आयातदाराच्या हातात फार थोड्या गोष्टी उरतात: ड्युटी भरायची, नमुना पास होण्याची वाट पाहायची आणि दिवस मोजत भाडं द्यायचं. माल ओला निघाला, प्रमाणपत्रात एक वाक्य कमी पडलं, पोत्यावर उत्पादनाची तारीखच छापलेली नाही, तर ते मुंबईत बसून दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथे बोट सुटण्याआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. बंदरातलं काम कस्टम ब्रोकर करतो. आधीचं काम तुमच्याऐवजी कुणी करत नाही.

काय मागवायचं आणि कधी

मुंबईत मसाल्याची खरी उचल मार्च ते मे. वर्षाचा मसाला कुटायला लोक लालबागला आणि जवळच्या डंकावर जातात, तेव्हा लवंग, दालचिनी, चक्रफूल, जायपत्री दुकानात असायला हवी. दुकानात मार्चला हवी म्हणजे वाशीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा मशीद बंदरच्या गोदामात फेब्रुवारीत हवी, आणि बंदरात जानेवारीच्या शेवटी. तिथून उलटं मोजा. कोलंबोहून येणारी बोट आठवड्याभरात पोहोचते. व्हिएतनामहून दोन-तीन आठवडे धरा. मादागास्करच्या तोआमासिना बंदरातून थेट बोट मिळणं कठीण. वाटेत एखाद्या बंदरात कंटेनर उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवतात, त्यामुळे महिना ते दीड महिना हाताशी ठेवा. त्याआधी नमुना मागवणं, तपासणं, करार, पैशांची व्यवस्था आणि मालाची सफाई यांत पाच-सहा आठवडे सहज जातात.

पिकाचा हंगामही पाहावा लागतो. मादागास्करची लवंग साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरते, त्यामुळे डिसेंबरात भरलेला माल आपल्या हंगामाला नेमका जुळतो. व्हिएतनामच्या लांग सोन भागातल्या चक्रफुलाची मुख्य तोडणी जुलै ते सप्टेंबर, तिथल्या मिरीची फेब्रुवारी ते एप्रिल. हंगामाच्या अगदी आधी कुणी स्वस्तात माल देत असेल तर तो बहुधा गेल्या सालचा साठा असतो. जुना माल घेण्यात गैर काही नाही, पण जुन्याच्या भावाने घ्यावा आणि करारात पिकाचं साल लिहून घ्यावं.

पहिल्या कंटेनरसाठी दोन जिनसा टाळाव्यात. खसखशीला ग्वाल्हेरच्या केंद्रीय अंमली पदार्थ ब्यूरोकडे करार नोंदवावा लागतो आणि ती ठराविक देशांतूनच आणता येते. काळी मिरी किलोला ५०० रुपयांच्या खाली, म्हणजे भाडं आणि विमा धरून पडणारी किंमत त्याहून कमी असेल तर, आणायला २०१८ पासून बंदी घातली गेली. करार करण्यापूर्वी डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर आयात धोरणात आपल्या मालाच्या टॅरिफ कोडसमोर (सीमाशुल्काच्या यादीतल्या क्रमांकासमोर) त्या दिवशी काय लिहिलं आहे ते पाहायची सवय प्रत्येक जिनसासाठी लावून घ्या. अशा अधिसूचना एका रात्रीत निघतात. लवंग, दालचिनी आणि चक्रफूल या सुरुवातीला सोप्या जिनसा.

पूर्ण कंटेनरची ताकद नसेल तर दोन-चार टन माल हाय सी सेलने घेता येतो. बोट समुद्रात असताना मूळ आयातदार करारावर मालाचा काही भाग तुमच्या नावे करतो आणि तुमच्या भागाची बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) तुम्ही भरता. वाशीत आणि मशीद बंदरला हे व्यवहार नेहमीचे आहेत. किलोमागे थोडं जास्त पडतं, पण कागदांचा सगळा प्रवास लहान रकमेत शिकता येतो. नवख्याने इथून सुरुवात करावी हे आमचं ठाम मत आहे.

नोंदण्या

डीजीएफटीकडून आयईसी (आयातदार-निर्यातदार कोड), शुल्क ५०० रुपये, सगळं ऑनलाइन. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यात काही बदल नसला तरी 'अपडेट' करावं लागतं, नाही तर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं माल बंदरात असताना कळतं. जीएसटी नोंदणी. कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक). एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना, आयातदार या प्रकारात, आयईसीवर जो पत्ता आहे त्याच पत्त्याचा. राज्याचा परवाना किंवा साधी नोंदणी इथे चालत नाही. दुकान किंवा गोदामाचा परवाना असला तरी आयातीचा वेगळा काढावा लागतो. वनस्पती संगरोधाच्या (मालातून कीड-रोग देशात येऊ नये म्हणून तपासणाऱ्या खात्याच्या) पोर्टलवर खातं. स्पायसेस बोर्डाची नोंदणी निर्यातदारांसाठी असते, आयातीला ती लागत नाही.

पुरवठादार आणि नमुना

पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागा: त्याच्या देशातली कंपनी नोंदणी, भारतात आधी पाठवलेल्या मालाच्या दोन-तीन बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेल्या मालाच्या पावत्यांच्या, प्रती (त्या खरेदीदाराचं नाव झाकलं तरी चालेल), आणि त्याच्या बँकेचं पत्र. खरा निर्यातदार या मागणीने बिचकत नाही. झांझिबारच्या लवंगेबाबत एक लक्षात ठेवा. तिथे शेतकऱ्यांकडून लवंग घेऊन निर्यात करण्याचा हक्क दीर्घकाळ सरकारी व्यापार महामंडळाकडे राहिला आहे. कुणी खासगी माणूस बाजारापेक्षा स्वस्त 'झांझिबार लवंग' देऊ करत असेल, तर माल दुसरीकडचा आहे किंवा मालच नाही, असं धरून चला.

नमुना एक किलोचा मागवा, शंभर ग्रॅमचा नको. शंभर ग्रॅम हाताने निवडून देता येतात. आलेल्या नमुन्याचे तीन भाग करून सीलबंद करा: एक प्रयोगशाळेला, एक आपल्याकडे, एक पुरवठादाराकडे दोघांच्या सहीने परत. करारात या सील क्रमांकाचा उल्लेख करा. पुढे वाद झाला तर 'नमुन्यासारखा माल नाही' हे म्हणायला हाच एक पुरावा असतो.

आता हातात घेऊन काय पाहायचं.

लवंग. नखाने देठ दाबला की तेलाचा ओलावा दिसायला हवा. मूठभर लवंगा पाण्याच्या ग्लासात टाका. भरलेली लवंग तळाला जाते किंवा उभी तरंगते. तेल काढून घेतलेली आडवी पडून वर राहते. तेल काढलेल्या लवंगेला आपल्या टॅरिफमध्ये स्वतंत्र कोड आहे (०९०७ १० १०, तर न काढलेलीला ०९०७ १० २०), म्हणजे हा मालही खुलेआम विकला जातो. फक्त तो पूर्ण भावाने घ्यायचा नाही. एफएसएसएआयच्या मानकात साबूत लवंगेला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, बाह्य पदार्थ १ टक्क्यापर्यंत आणि उडनशील तेल किमान १७ टक्के लागतं. त्याशिवाय टोपी गळलेल्या, नीट न वाळून आंबलेल्या फिकट लवंगा (व्यापारात त्यांना 'खोकर' म्हणतात), किडलेल्या, आणि फुलून फळ झालेल्या लवंगा वेगळ्या मोजतात. २०० ग्रॅम माल पांढऱ्या कागदावर पसरा, हे ढीग वेगळे करा, वजन काट्यावर तोला. अर्ध्या तासाचं काम आहे आणि भाव पाडून मागायला याहून चांगला आधार नाही.

दालचिनी. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, चिरुटासारखी अनेक थरांत गुंडाळलेली, बोटात चुरणारी. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते ती कॅसिया: जाड साल, एकच थर, दोन्ही कडांनी आत वळलेली, मोडायला कडक. आपल्या बाजारात दोन्हीला दालचिनीच म्हणतात आणि गोड्या मसाल्यात, बिर्याणीत जाते ती बहुतेक कॅसियाच. तिला कमी लेखायचं कारण नाही, व्हिएतनामच्या कॅसियात तेल भरपूर असतं. पण कागदावर गल्लत महागात पडते. खरीचा कोड ०९०६ ११, कॅसियाचा ०९०६ १९, आणि एफएसएसएआयची मानकंही वेगवेगळी. पुरवठादाराने सवयीने इनव्हॉइसवर नुसतं 'सिनॅमन' लिहिलं आणि पोत्यात कॅसिया निघाली, तर चुकीच्या घोषणेचं प्रकरण उभं राहतं. नाव काय लिहायचं ते तुम्हीच पुरवठादाराला लिहून द्या.

चक्रफूल. बहुतेक फुलांना आठ पाकळ्या, वास बडीशेपेसारखा गोड. याच कुळातलं जपानी चक्रफूल विषारी आहे. ते आकाराने लहान, पाकळ्यांची टोकं आकड्यासारखी वर वळलेली, आणि बडीशेपेचा वास जवळजवळ नाही. डोळ्यांना दोघांतला फरक पुरेसा खात्रीने कळत नाही. संशय आला तर चाखू नका, प्रयोगशाळेत द्या. तुटक्या पाकळ्यांचं प्रमाण किती चालेल हे करारात टक्क्यांनी लिहा, कारण घाऊक भावात अख्खं फूल आणि तुकडा यांत मोठी तफावत असते.

जायफळ. इंडोनेशियाच्या व्यापारात एबीसीडी म्हणजे भरीव, एसएस म्हणजे भरीव पण सुरकुतलेलं, आणि बीडब्ल्यूपी म्हणजे फुटकं, किडकं, पोचट. शेवटचं तेल काढायच्या कारखान्यासाठी असतं. तेच चाळून खाण्याच्या जायफळात मिसळलं की अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) वाढतं, आणि भारतात मसाल्यातल्या एकूण अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. जायफळाचा, जायपत्रीचा अफलाटॉक्सिन अहवाल बोट भरण्याआधी, आपण निवडलेल्या प्रयोगशाळेचा हवा.

पूड कधी मागवू नका. अख्खा मसाला डोळ्यांना, नाकाला दिसतो. पुडीत काय आहे ते फक्त प्रयोगशाळा सांगते, तेही विचारलं तेवढंच.

ओलाव्याचं गणित

ओलावा १२ च्या जागी १४ टक्के असला तर काय बिघडतं, असं पुरवठादार म्हणतो. मोजून पाहा. १३,००० किलोत १४ टक्के पाणी म्हणजे कोरडा माल ११,१८० किलो. तोच माल वाळून १२ टक्क्यांवर आला की वजन उरतं सुमारे १२,७०५ किलो. जवळपास २९५ किलो पाणी तुम्ही लवंगेच्या भावाने विकत घेतलं. किलोला ८०० रुपये धरले तर २ लाख ३६ हजार रुपये. आणि हे माल सुखरूप वाळला तर. बंद कंटेनरमध्ये तो वाळत नाही. दिवसा पत्रा तापतो, मालातलं पाणी वाफ होऊन वर जातं, रात्री पत्रा थंड झाला की तेच पाणी छताला धरून वरच्या पोत्यांवर ठिबकतं. दारं उघडल्यावर वरच्या दोन थरांवर पांढरी बुरशी दिसते ती अशी आलेली असते. समुद्राचं पाणी शिरलं असा संशय आधी येतो, पण बहुतेक वेळा पाणी मालातूनच आलेलं असतं.

म्हणून भरण्याच्या अटी करारात घाला. कंटेनर कोरडा, वास नसलेला, आत उभं राहून दार लावल्यावर छिद्रातून उजेड न दिसणारा. तळाला आणि बाजूंना क्राफ्ट कागदाचं अस्तर, वर कागदाचं झाकण, भिंतीला ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या. लाकडी पॅलेट किंवा फळ्या वापरल्या तर त्यांवर आयएसपीएम १५ चा शिक्का (लाकडातली कीड मारल्याची आंतरराष्ट्रीय खूण). पोती नवी; ताग असेल तर खनिज तेल न वापरलेला, खाद्यपदार्थांसाठीचा ताग, नाही तर मालाला रॉकेलसारखा वास लागतो आणि तो कशानेच जात नाही.

करारातल्या ओळी

प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर (पुरवठादाराने आधी पाठवलेल्या कच्च्या बिलावर) सही करून काम भागत नाही. स्वतंत्र करार करा, दोन पानं पुरतात. त्यात हे असावं: जिनसाचं नेमकं नाव आणि पीकसाल, ओलावा, बाह्य पदार्थ, तेल, तुटीचे आकडे आणि त्यांची तपासणी पद्धत, वजन निघतानाचं धरायचं की पोहोचल्यावरचं, आणि घट किती टक्के मान्य (अर्धा टक्का वाजवी), माल भरण्याची शेवटची तारीख, आणि कोणत्या तपासणी कंपनीचा अहवाल अंतिम. एसजीएस, ब्यूरो व्हेरिटास, इंटरटेक यांची माणसं बहुतेक मसाला बंदरांत मिळतात. त्यांना नुसतं 'तपासा' सांगू नका. १०० हून जास्त पोती असतील तर पोत्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी पोती उघडायची असा प्रघात आहे, म्हणजे २६० पोत्यांना १७. ती पोती ढिगाच्या कडेची नव्हेत, मधली आणि खालचीही असावीत, आणि नमुना कंटेनर भरताना घ्यावा, गोदामात आधी नव्हे. तपासून झाल्यावर पोती बदलली जातात ती गोदाम ते कंटेनर या टप्प्यात. म्हणून सील लागेपर्यंत तपासनीस तिथे हजर हवा, आणि सील क्रमांक त्याच्या अहवालात.

लवादाची अट घाला, सिंगापूर किंवा मुंबई. पण एका कंटेनरच्या भांडणात लवादाचा खर्च परवडत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. खरी सुरक्षितता पैसे कधी सुटतात यात आहे.

पैसे

तीन रीती चालतात. पहिली, ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची स्कॅन प्रत आल्यावर. ही सर्वांत जास्त चालते आणि खरेदीदाराला सर्वांत धोक्याची आहे, कारण दुसरा हप्ताही माल न पाहताच जातो. दुसरी, बँकेमार्फत कागद, पैसे भरल्यावर सुटतात. तिसरी, एलसी (लेटर ऑफ क्रेडिट), म्हणजे ठरलेले कागद बरोबर आले की पैसे देण्याची बँकेची हमी. एलसीला खर्च आणि मार्जिन (बँकेत अडकवायची रक्कम) लागतं, तरी अनोळखी पुरवठादाराच्या पहिल्या दोन-तीन मालांना तीच वापरा. फक्त एवढं जाणून घ्या की बँक कागद पाहते, माल पाहत नाही. एलसीत नुसतं 'क्वालिटी सर्टिफिकेट' लिहिलं तर पुरवठादार स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देईल आणि बँकेला पैसे द्यावेच लागतील. तपासणी कंपनीचं नाव, कोणते आकडे त्या अहवालात दिसले पाहिजेत, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रातलं (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या निर्यातदार देशाच्या दाखल्यातलं) नेमकं वाक्य, हे सगळं एलसीच्या मजकुरात घाला.

आगाऊ पाठवलेली रक्कम आयडीपीएमएस यंत्रणेत (आयातीसाठी गेलेल्या रकमांचा हिशेब ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत) तुमच्या नावावर उघडी राहते. माल येऊन बिल ऑफ एंट्री तिच्याशी जुळल्याशिवाय ती बंद होत नाही. जुन्या नोंदी उघड्या राहिल्या की बँक पुढची रक्कम पाठवायला कां-कूं करते. प्रत्येक मालानंतर बँकेकडून नोंद बंद झाल्याची खात्री करून घ्या.

आणि शेवटच्या क्षणी 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल आला तर पैसे पाठवू नका. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, चेहरा पाहा, मग बोला. मेल हॅक करून इनव्हॉइसवरचं खातं बदलण्याचा प्रकार या धंद्यात वारंवार होतो आणि गेलेले पैसे क्वचित परत येतात.

कागद

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, उत्पत्ती प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, धुरीचं (कीड मारायला मालाला विषारी वायू दिल्याचं) प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, वजनाचा दाखला, विमा. सगळ्या कागदांवर जिनसाचं नाव, पोत्यांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन अक्षरशः एकसारखं हवं. मूळ कागद छापण्याआधी मसुदे मेलवर मागवा आणि कस्टम ब्रोकरला दाखवा. या एका सवयीने निम्मे घोळ टळतात.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर सर्वांत जास्त लक्ष द्या. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाच्या सहाव्या अनुसूचीत खाण्यासाठी येणाऱ्या जिनसा देशवार दिल्या आहेत. तुमची जिन्नस आणि तुमचा देश ही जोडी तिथे नसेल तर माल सहसा आणता येत नाही. असेल तर त्या ओळीसमोर कोणत्या किडींपासून मुक्त असल्याचं जादा निवेदन हवं आणि कोणती धुरी हवी ते लिहिलेलं असतं. ते निवेदन प्रमाणपत्रात जसंच्या तसं यायला हवं. निर्यातदार देशाचा अधिकारी आपला ठरलेला साचा वापरतो. त्याला आपली ओळ कुणी दिलेलीच नसते. ती तुम्ही द्यायची. वाक्य नसेल तर न्हावा शेवाला संगरोध अधिकारी माल अडवतात. मग जादा शुल्क, पुन्हा धुरी, आणि तोवर कंटेनरचं भाडं चालूच.

पोत्यावरचा मजकूरही आताच ठरवा. जिनसाचं नाव, वजन, लॉट क्रमांक, पॅकिंग आणि मुदतीची तारीख, पॅकरचं नाव-पत्ता, मूळ देश, 'नॉट फॉर रिटेल सेल'. आयातदाराचं नाव, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह यांतलं काही राहिलं तर बंदरातल्या गोदामात स्टिकर लावून भागतं. लॉट क्रमांक, तारीख, मूळ देश राहिला तर स्टिकर चालत नाही. मुदतीचंही पाहा: कस्टममधून माल सुटताना एकूण टिकाऊपणाच्या किमान ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी, तेवढी मुदत शिल्लक हवी.

ड्युटी

भाडं आणि विमा धरून मालाची किंमत १०० रुपये समजा. मूळ सीमाशुल्क उदाहरणासाठी ३० टक्के घेऊ: ३० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३ रुपये. झाले १३३. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, ६.६५ रुपये. हातून जातात एकूण ३९.६५ रुपये, त्यांतला आयजीएसटी पुढे वजावटीत मिळतो, म्हणून खरा बोजा ३३ रुपयांचा. भाड्याचा किंवा विम्याचा पुरावा नसेल तर कस्टम एफओबी किमतीच्या (भाडं-विमा सोडून, माल बोटीवर चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा गृहीत धरतं, आणि त्यावरही ड्युटी लागते. भाड्याची पावती सांभाळा.

आता श्रीलंकेशी २००० पासून लागू असलेला मुक्त व्यापार करार, साफ्टा (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार), आसियानचा (आग्नेय आशियाई देशांचा) करार, अल्पविकसित देशांसाठीची सवलत (मादागास्कर, टांझानिया, कोमोरोस त्यात येतात) यांपैकी एखाद्यात तुमचा आठ अंकी कोड शून्य दराने बसत असेल तर तोच बोजा शून्यावर येतो. एक कोटीच्या मालावर ३३ लाख रुपये एका उत्पत्ती प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. म्हणून सवलतीचा दर भाव ठरवण्याआधी ब्रोकरकडून लेखी घ्या. आणि २०२० च्या कारोटार नियमांनुसार (करारांखालच्या सवलतीसाठी मालाचा मूळ देश तपासण्याच्या कस्टमच्या नियमांनुसार) माल खरोखर त्या देशात पिकला याची माहिती तुमच्याकडे असायला हवी, पाच वर्षं जपायला हवी. 'प्रमाणपत्र पुरवठादाराने दिलं, मला काय माहीत' हे उत्तर आता चालत नाही. तिसऱ्या देशाचा माल एखाद्या सवलतीच्या देशातून फिरवून आणलेला पकडला गेला तर ड्युटी, व्याज, दंड तिन्ही आयातदारावर येतं. अशा भावाच्या मोहात पडू नका.

न्हावा शेवाला

बिल ऑफ एंट्री साधारणपणे बोट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. कोलंबोचा माल असेल तर मूळ कागद कुरिअरने येण्याआधी बोट येते. त्यासाठी टेलेक्स रिलीज किंवा सी वे बिल (मूळ बिल ऑफ लेडिंग न दाखवता माल सोडवण्याच्या सोयी) आधीच ठरवा. शिपिंग लाइनकडे १४ दिवस फ्री (कंटेनरचं भाडं न लागणारे) मागा आणि ते बुकिंगच्या वेळी लेखी मागा. नंतर कुणी देत नाही. एफओबीवर घेतलं तर लाइन तुम्ही निवडता, ही त्यातली मोठी सोय.

बिल ऑफ एंट्री भरली की ती आपोआप एफएसएसएआय आणि वनस्पती संगरोधाकडे जाते. दोघे माल पाहतात, नमुने घेतात. एफएसएसएआय नमुन्याचे दोन भाग करतं, एक प्रयोगशाळेला, एक राखून. अहवालाला पाच कामाचे दिवस धरले आहेत, सुट्ट्या आणि प्रयोगशाळेची गर्दी धरून दहा दिवसांची तयारी ठेवा. नापास झाला तर राखीव नमुन्याची संदर्भ प्रयोगशाळेत फेरतपासणी मागता येते. तिथेही नापास झाला तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढंच उरतं.

हंगामाला अवकाश असेल तर माल कस्टमच्या देखरेखीखालच्या बाँडेड गोदामात ठेवा. ड्युटी माल काढताना, हवा तेवढ्यापुरती भरायची. पहिले ९० दिवस व्याज नाही.

कंटेनर उघडताना तुमचा माणूस हजर असू द्या. सील क्रमांक जुळवा, दार उघडण्याआधी, उघडताना आणि प्रत्येक रांग काढताना फोटो घ्या. आतून दमट, आंबूस वास आला तर तिथेच थांबा, पोती हलवू नका, विमा कंपनीचा सर्व्हेअर बोलवा. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना शिपिंग लाइनला तीन दिवसांत जायला हवी, नाही तर माल चांगला पोहोचला असं धरलं जातं.

गोदाम

मुंबईच्या पावसात १० टक्के ओलाव्याची लवंगही दोन महिन्यांत पाणी ओढते. उरलेला माल मेअखेरीला तुर्भे-तळोजा भागातल्या शीतगोदामात हलवा. जून उजाडल्यावर जागा मिळणं अवघड जातं. साध्या गोदामात ठेवावाच लागला तर पोती फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट दूर, खाली जाड प्लास्टिक. मिरी, हिंग आणि लवंग एका खोलीत ठेवू नका. शीतगोदामातून काढलेलं पोतं लगेच उघडू नका: पावसाळ्यात बाहेरची दमट हवा थंड मालावर पाणी होऊन बसते. एक दिवस बंदच ठेवा, पोत्याला हात लावल्यावर गार लागेनासं झालं की मग टाका उसवा.